‘हेम्प, रंग, पोलाद’ एवढ्या लेबलवर मृणालिनी मुखर्जी कळत नाहीत

शिल्पकार मृणालिनी मुखर्जींच्या दोराच्या शिल्पांखालचं प्रदर्शनातलं लेबल साधारण एवढंच सांगतं: हेम्पचा (भांगेच्या जातीच्या झाडाचा) वाख, रंग, पोलाद. एखाद्या शिल्पकाराची सगळी कारकीर्द एका छताखाली मांडायची, तीही असं वेगळं साहित्य वापरणाऱ्याची, आणि साहित्याबद्दल तीन शब्दांत उरकायचं, हे मला अजिबात पटत नाही. बेळगाव, खानापूर, गोकाक, निपाणी या आपल्या पट्ट्यातल्या माणसांना तर हे फारच तोकडं आहे. वडगाव-खासबागला मागावर बसणारे हात आहेत, खानापूरला माती कळणारे आहेत, गोकाकला खेळणी करणारे आहेत, उद्यमबाग आणि मच्छेत ओतकाम करणारे आहेत. साहित्य कसं वागतं हे त्यांना ठाऊक आहे. आधुनिक शिल्प ‘समजत नाही’ म्हणून यांनीच बाहेर उभं राहायचं, याची मला चीड येते.

ओळख थोडक्यात. जन्म मुंबईचा, १९४९. वडील चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी, आई शिल्पकार लीला मुखर्जी. शिक्षण बडोद्यात, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली. १९७० च्या दशकात दोर हाती घेतला, १९९० च्या दशकाच्या मध्याला सिरॅमिक, २००० नंतर कांस्य. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०१५ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच, फेब्रुवारीत, त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयात पुन्हा सगळं काम एकत्र आलं.

आता दोर. ‘यक्षी’ (१९८४), ‘वनश्री’ (१९९४), ‘जौबा’ (२०००) ही शिल्पं विणलेली नाहीत. माग नाही, आधी काढलेलं चित्र नाही. आत सांगाडा, त्यावरून सोडलेले दोर आणि बोटांनी मारलेल्या गाठी. या कामाचं गणित साधं आहे, पण कडक आहे. मधले दोन दोर स्थिर ठेवायचे आणि बाहेरच्या दोन दोरांनी त्यांच्याभोवती गाठ मारायची. अर्धी गाठ सतत एकाच बाजूनं मारत गेलात तर पट्टी आपोआप पिळत जाते. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून मारली तर ती सपाट बसते. नवे दोर घालत गेलं की कड पसरते आणि पाकळीसारखी उमलते, दोर कमी केले की तोंड मिटतं. गाठ मारणारा दोर तयार लांबीच्या चार-पाच पट लागतो. अंदाज चुकला तर मध्येच जोड द्यावा लागतो, आणि तो मागच्या बाजूला नेला नाही तर पुढून गुठळी दिसते.

रंगाचंही तसंच. दोर आधी रंगवावा लागतो. गाठी मारून झाल्यावर रंगवला तर रंग गाठीच्या पोटात पोचत नाही, आणि गाठ जरा सरकली की आतली फिकट रेघ उघडी पडते. शिवाय एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेला तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे लागेल त्याहून जास्त दोर एकाच वेळी रंगवून ठेवणं शहाणपणाचं. वडगावच्या विणकराला हे नव्यानं सांगायची गरज नाही. म्हणूनच माणसापेक्षा उंच शिल्पभर एकसारखा उतरलेला जांभळा किंवा गेरू रंग पाहून पहिली दाद त्याच्याकडून येईल, असं मला वाटतं.

मातीबद्दल फार लिहीत नाही. भिंतीची जाडी सारखी हवी आणि माती पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर भट्टीत शंभर अंशांच्या आसपास आतल्या पाण्याची वाफ होऊन भांडं काय, शिल्प काय, फुटतं.

कांस्यशिल्पांबद्दल कमी बोललं जातं. माझ्या मते ती दोराच्या शिल्पांइतकीच धाडसी आहेत. ‘पामस्केप’ मालिकेतली वळलेली, एकमेकांत शिरलेली पानं पाहून आपल्याकडचा मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, लगेच ओळखेल की हे वाळूच्या साच्यातलं काम नव्हे. वाळूत दाबलेला पॅटर्न (नमुना) वर काढावा लागतो, त्यासाठी बाजूंना थोडा उतार, म्हणजे ड्राफ्ट, ठेवावा लागतो. आत वळलेल्या प्रत्येक भागाला वेगळा कोअर (साच्यात बसवायचा गाभा) लागेल, आणि इथे तर सगळंच आत वळलेलं. म्हणून मेण. मेणात आकार करायचा, त्याला रनर, म्हणजे धातू आत यायच्या वाटा, आणि हवा जायच्या वाटा जोडायच्या, वरून साच्याचा लेप चढवायचा, तापवून मेण काढून टाकायचं आणि रिकाम्या जागेत साधारण ११०० अंशांच्या पुढचं कांस्य ओतायचं. पानाची कड फार पातळ राहिली तर धातू टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतो. हवेला वाट कमी पडली तर ब्लोहोल, म्हणजे धातूत अडकलेल्या हवेची भोकं. आणि मूळ आकारावरून वेगळा साचा घेतलेला नसेल तर मेण वितळल्यावर मागे काहीच राहत नाही. ओतकाम फसलं की शिल्पच गेलं. ही जोखीम लेबलवर का लिहू नये?

असं काम कधी बेळगावात आणायचं ठरलं तर? व्यक्तिचित्रणात बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी घडवलेला डोळा या गावाकडे आहे, प्रेक्षकांची मला काळजी नाही. काळजी हवेची आहे. वाखाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तीही स्थिर. ६५-७० च्या वर बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपली हवा ८० च्या वर असते. तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी. ओल लागली तर आतलं लोखंड गंजतं आणि तो डाग वाखातून निघत नाही. प्रकाश ५० लक्सपर्यंतच, लक्समीटरनं मोजून. टांगायचं तर फॉल्स सीलिंगला हात लावायचा नाही, आरसीसी बीमच हवा. समजा शिल्प ६० किलोचं असेल, तर आधी १८० किलोच्या वाळूच्या पिशव्या दिवसभर टांगून बघायच्या. गुंडाळायला मांजरपाट चालतो, पण खळ पूर्ण धुऊन काढलेला, कारण कसर त्या खळीवरच येते. डांबरगोळ्या नकोत. कीड दिसली तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडायची नाही, नाहीतर वाखावर दव धरतं.

हे सगळं पडद्यामागचं म्हणून झाकायचं कारण नाही. शिल्पकार ईवा हेस यांचं लेटेक्सचं (रबरासारख्या चिकाचं) ‘एक्स्पांडेड एक्स्पान्शन’ (१९६९) कडक होऊन काळवंडलं होतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं ते दुरुस्त करून २०२२ मध्ये मांडलं आणि दुरुस्तीची हकिकतही लोकांसमोर ठेवली. शिल्पाची किंमत त्यानं तसूभरही कमी झाली नाही.

म्हणून अशी प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे एक मागणी. प्रत्येक दालनात एक टेबल ठेवा, हात लावायला परवानगी असलेलं. त्यावर फूटभर गाठींची एक पिळलेली आणि एक सपाट पट्टी, न रंगवलेल्या दोराचा तुकडा, रनर जोडलेलं मेणाचं पान आणि शेजारी तेच पान कांस्यात, रनर न कापता. पट्ट्या हाताळून मळतील, दर पंधरा दिवसांनी बदला. त्या बनवून द्यायला आपल्या भागात माणसं आहेत, त्यांना मजुरी द्या आणि टेबलावर त्यांची नावं लिहा.