‘वांग झाकलेच नाहीत’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

माझ्या नवरीच्या मेकअपबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. बहिणीच्या लग्नात एवढे पैसे घेऊनही गालांवरचे वांग झाकले नाहीत, हनुवटीवरचे फोड उठून दिसत होते, दुपारच्या फोटोंत चेहरा करडा आला, असं तुम्ही लिहिलंय. नवरीच्या चेहऱ्याची चारचौघांत चर्चा मला पटत नाही, म्हणून तुम्ही लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर देते.

वांगाच्या तपकिरी डागावर थेट उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, थापला की तो राखाडी दिसतो. म्हणून आधी डागाचा रंग मारणारा नारिंगी करेक्टर, तोही डागापुरताच, बोटाने हलकं ठोकून. मग त्वचेच्या रंगाच्या कन्सीलरचा पातळ हात. मुहूर्ताआधीचे फोटो तुम्हीच टाकलेत, त्यांत गाल स्वच्छ आहेत. करडेपणा आहे तो जेवणानंतरच्या फोटोंत. बिनएसीचा हॉल, त्यात मुंडावळ्या कानशिलांवर घासतात, घाम येणारच. टिश्यूने टिपा, पुसू नका, वर काही लावू नका, हे सांगूनच मी निघाले होते. मावशींनी पर्समधला कॉम्पॅक्ट लावला हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे. ओल्या गालावर उजळ पावडर बसली की खालचा सगळा खटाटोप वाया. टचअपला मुलगी थांबवू का, असं विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात. हरकत नाही, पण मग त्याचं खापर आमच्यावर नको.

आता फोड. मेकअप रंग झाकतो, उंचवटा नाही. लाली हिरव्या करेक्टरने दबते, पण व्हिडिओवाल्याचा दिवा बाजूने आला की सावली पडतेच, आणि थर जाड असेल तर फोड जास्तच उठून दिसतो. शिवाय फुटलेल्या, ओल्या फोडावर मी ब्रश टेकवत नाही. नवरी रुसली तरी नाही.

ट्रायलला हे फोड नव्हते. मधे मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणून लावली आणि लग्नाच्या आठवड्यात बंद केली, हेही तुम्हीच लिहिलंय. वांगावर म्हणून खपणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो, सगळे खूश. बंद केली की लाल होतो, आग होते, पुरळ उठतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी काउंटरवर मागितली की मिळतात. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या मुलींकडून हे सारखं ऐकते, म्हणून ट्रायललाच बजावते की लग्नापर्यंत नवीन काही लावू नका.

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. काम ठरल्याप्रमाणे झालंय. बहिणीला मात्र आता पार्लरची नाही, त्वचारोगतज्ज्ञांची गरज आहे. ट्यूबवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलंय का बघा. फेकू नका ती, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.