टॉमी जॉनचं श्रेय कुणाचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन बेसबॉलमधला डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) टॉमी जॉन याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उजव्या हातातलं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून डाव्या कोपरात बसवलं म्हणून तो पुन्हा खेळला, तेव्हा कौतुक डॉ. फ्रँक जोब यांचं करा, खेळाडूचं कसलं? पिचर म्हणून त्याच्या नावावर लागलेले २८८ विजय म्हणजे नुसतं रेटत राहणं, नाहीतर तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, नसता का? शेवटी न्यू जर्सीतल्या तुमच्या बारा वर्षांच्या भाच्याचा उल्लेख आहे. तो पिचर आहे, आणि तिथले काही पालक म्हणतात की या ऑपरेशननंतर चेंडूचा वेग वाढतो. उत्तर एवढं लांबलं ते या शेवटच्या वाक्यामुळे. सगळं श्रेय ऑपरेशनला दिलं की पालकांचं हे बोलणंही पटायला लागतं. मला दोन्ही गोष्टी चुकीच्या वाटतात.

जोब यांचं मोठेपण वादातीत आहे. १७ जुलै १९७४ ला माँट्रियल एक्स्पोजविरुद्ध खेळताना जॉनच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटलं. लॉस एंजेलिस डॉजर्सकडून त्या सीझनमध्ये त्याचे १३ विजय आणि ३ पराभव झाले होते, वय ३१. तोवर हे लिगामेंट गेलं की पिचरचा खेळ संपला असंच धरलं जायचं. क्रिकेटमुळे आपल्याला वेगवान गोलंदाजाची पाठ जाते हे माहीत असतं. पिचर मात्र वाकलेलं कोपर झटक्यात सरळ करत चेंडू सोडतो, आणि तो ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो.

जोब यांनी काय वापरलं ते तुम्हाला स्वतःच्या हातावर बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काहीतरी वर येईल. काहींच्या हातात ते जन्मतःच नसतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. २५ सप्टेंबर १९७४ ला जोब यांनी जॉनच्या उजव्या हातातलं हे टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ते इंग्रजी आठच्या आकारात ओवलं. तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, परतण्याची शक्यता त्यांच्या अंदाजाने शंभरात एक होती.

तुमची गोष्ट इथे संपते. जॉनची खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती नस ऑपरेशननंतर दबली. डाव्या हाताची बोटं आत वळली, करंगळीकडच्या बाजूला संवेदना राहिली नाही. डिसेंबरमध्ये नसेसाठी दुसरं ऑपरेशन करावं लागलं. अशी नस पुन्हा वाढते ती महिन्याला साधारण एक इंच. त्या वेगावर ना डॉक्टरांचा इलाज चालतो ना खेळाडूचा. १९७५ चा अख्खा सीझन गेला. ज्या बोटांना चेंडू नीट धरता येत नव्हता, त्यांच्याकडून तो रोज चेंडू टाकून घेत राहिला. या वाटेवरून आधी कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे किती दिवसांनी काय जमायला हवं हे त्याला सांगणारंही कुणी नव्हतं.

१९७६ मध्ये तो परतला तेव्हा १० विजय, १० पराभव. १९७७ मध्ये २० विजय, ७ पराभव, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात स्टीव्ह कार्लटनच्या मागोमाग दुसरा क्रमांक. त्याच ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात भर पावसात याच कार्लटनसमोर त्याने शेवटपर्यंत चेंडू टाकले, ४-१ ने सामना काढला आणि डॉजर्सना वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, नेलं. पुढे न्यूयॉर्क यँकीजकडून १९७९ मध्ये २१ आणि १९८० मध्ये २२ विजय. दुखापतीपूर्वी एका सीझनमध्ये २० विजय त्याला कधीच मिळाले नव्हते. एकूण २८८ पैकी १६४ विजय ऑपरेशननंतरचे आहेत. याला रेटणं म्हणायला माझं मन धजत नाही. वेगावर त्याची भिस्त कधीच नव्हती. त्याचा सिंकर बॅटरजवळ येता येता खाली बसायचा, बॅटर तो जमिनीवर मारायचा आणि क्षेत्ररक्षक बाद करायचे. १९८९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी तो थांबला.

हॉल ऑफ फेमबद्दल फार लिहीत नाही. पंधरा वर्षं त्याचं नाव मतपत्रिकेवर होतं, पण शेवटच्या वर्षीही मतं ३१.७ टक्के, आणि लागतात ७५. माझ्या मते हा अन्याय आहे.

आता ऑपरेशनच सगळं करतं या मुद्द्याचा विचार ब्रेंट स्ट्रॉमला समोर ठेवून करा. हेच ऑपरेशन झालेला तो दुसरा पिचर. डॉक्टर जोबच, तंत्रही तेच. तो मेजर लीगमध्ये पुन्हा कधी चेंडू टाकू शकला नाही. पुढे ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा पिचिंग कोच म्हणून त्याने नाव कमावलं, पण खेळाडू म्हणून ते दार बंदच राहिलं. आज अनेक जण परततात हे खरं. जस्टिन व्हरलँडरने २०२० मध्ये हे ऑपरेशन करून घेतलं आणि २०२२ मध्ये, ३९ व्या वर्षी, साय यंग जिंकला. पण त्या नावाआड न परतलेल्यांची नावं झाकली जातात.

वेग वाढल्याचं लोकांना का वाटतं? ऑपरेशनपूर्वीचे काही महिने लिगामेंट आधीच कमकुवत झालेलं असतं, वेग पडलेला असतो, आणि तुलना त्या पडलेल्या वेगाशी होते. नंतर वर्षभर पाय, कंबर, खांदा यांचा शिस्तीत व्यायाम होतो. मुलगा शाळकरी असेल तर तेवढ्या काळात तो उंचही होतो. हे सगळं कोपर न कापता मिळू शकतं. हे ऑपरेशन झालेला जॉन स्मोल्ट्झ २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, असा तो पहिलाच पिचर. तिथल्या भाषणात त्याने पालकांना कळकळीने सांगितलं की लहान मुलांना वर्षभर बेसबॉल खेळवू नका.

म्हणून भाच्याच्या आईवडिलांना एवढं कळवा. अमेरिकेत ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडूंची मर्यादा सांगितलेली आहे. ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. वर्षातून किमान चार महिने चेंडू टाकणं बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर त्याच क्षणी थांबायचं, सामना कितीही रंगात असो. आणि तो दोन संघांकडून खेळतो का, हे नक्की विचारा. प्रत्येक कोच आपल्यापुरते चेंडू मोजतो, दोन्हींची बेरीज घरातच करावी लागते.