कॅप्टनला शिव्या नकोत, कंपनीला वेळ विचारा

क्रूझवर ठरलेलं ठिकाण रद्द झालं की रिसेप्शनसमोर गोळा होऊन 'कॅप्टन को बुलाओ' ओरडणाऱ्या मंडळींशी माझं पटत नाही. आणि 'निसर्गापुढे कोणाचं काय चालतंय' म्हणत निमूट बुफेच्या रांगेत जाऊन उभे राहणाऱ्यांशी तर त्याहून पटत नाही.

एप्रिलअखेर आम्ही सहकुटुंब मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून क्रूझने लक्षद्वीपला निघालो होतो. (कंपनीचं नाव घेत नाही, कमेंटमध्ये विचारू नका.) तिथे मोठं जहाज थेट बेटाला लागत नाही. सभोवती प्रवाळाची रांग, आत उथळ पाणी. त्यामुळे जहाज बाहेर थांबतं आणि माणसं छोट्या बोटींतून नेतात. सकाळी सगळे टोप्या-गॉगल घालून तयार, आणि स्पीकरवर घोषणा झाली: खराब हवामानामुळे बेटावर उतरणं रद्द. बाहेर बघावं तर लख्ख ऊन, निळंशार पाणी. "हवा तर फर्स्टक्लास आहे! आम्हाला काय येडे समजता?" आमच्या टेबलावरचे मुलुंडचे काका कडाडलेच.

मी रेलिंगवरून खाली वाकून बघितलं. जहाजाच्या पोटातलं दार उघडं होतं आणि बाजूला एक छोटी बोट लागलेली. एका क्षणी बोटीची कड दाराच्या उंबऱ्याला टेकायची, दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जायची. दोर धरून उभ्या असलेल्या बोटवाल्याने वर बघून नुसती मान हलवली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती म्हणाली, "मी नाही बाबा उतरायची यात, सोन्याची लंका असली तरी!"

या लाटा तिथल्या नसतातच. खाली दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या पार टोकाला वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात आणि स्वच्छ उन्हात केरळ-लक्षद्वीपच्या किनाऱ्यावर आदळतात. एप्रिल-मे मध्ये हे नेहमीचंच. म्हणून कॅप्टनचं शंभर टक्के बरोबर होतं. सुरक्षेसाठी त्याने घेतलेल्या निर्णयात जहाजाचा मालकही आडवा येऊ शकत नाही, असं सोलास या समुद्रातल्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलंय. आणि हे आपल्याला कुणी बाहेरच्याने शिकवावं? भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट 17 जुलै 1947 ला बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. गेटवे-मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा कोणी घोषणा देत नाही.

पण त्या लाटा यायला काही दिवस लागतात ना? हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राचा अंदाज देणारं सरकारी केंद्र त्यांचे इशारे आधीच देतं, वेबसाइटवर कोणालाही दिसतात. म्हणजे आपण बॅलार्ड पिअरच्या ग्रीन गेटला बॅगा घेऊन रांगेत घामाघूम होत होतो, तेव्हा कंपनीला काय माहीत होतं? प्रश्न हा आहे. माहीत असेल तर तिथेच सांगायचं होतं. ज्याला नुसतं जहाज हवं तो चढला असता, ज्याला बेट हवं त्याने पैसे परत मागितले असते. जाहिरातीत तर बेटाचाच फोटो होता, स्विमिंग पूलचा नव्हता.

2024 मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे क्रूझ जहाजांना सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालावा लागला. तेव्हा काही कंपन्यांनी जहाज सुटायच्या आधीच प्रवाशांना कळवलं. करायचं म्हटलं तर जमतं.

आमच्या जहाजावर मात्र दोन तास सगळा राग निघाला काउंटरवरच्या पोरावर. रत्नागिरीकडचा असावा. शेवटी मराठीतच म्हणाला, "दादा, मला ओरडून समुद्र शांत होणार आहे का?" 'फुल रिफंड'ची मागणी झाली, व्हिडिओ झाले, 'व्हायरल करतो' झालं. पण न लागलेल्या बंदराचं शुल्क आणि बेटावरच्या सहलीचे वेगळे भरलेले पैसे, जे खरोखर परत मागता येतात, त्याबद्दल लेखी अर्ज द्या म्हटलं तर चार जण पुढे आले. बाकीचे संध्याकाळी डीजेसमोर.

कंपनी तिकिटामागचं कलम दाखवते: मार्ग बदलायचा हक्क आमचा, भरपाई नाही. कॅप्टनच्या निर्णयापुरतं ठीक. पण माहिती दडवून तिकीट वापरायला लावलं असेल, तर त्यालाही हेच कलम? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रारीची सोय आहे. ती वापरायची तर आधी तारखा-वेळा हातात हव्यात. म्हणून मी मेल टाकला, एका ओळीचा: लाटांचा इशारा तुम्हाला कोणत्या तारखेला, किती वाजता मिळाला?

उत्तर आलं. पुढच्या क्रूझच्या सवलत-कूपनची मुदत वाढवून दिली आहे म्हणे.