ठपक्याच्या अलीकडचे शब्द

परीक्षा भाचीची, बँकेची. शिक्षा मात्र मला. संध्याकाळ झाली की ती शब्दांची वही घेऊन हजर. "मावशी, चाइड, रिप्रूव्ह आणि अ‍ॅडमॉनिश, फरक काय गं?" वहीत तिघांपुढे एकच अर्थ: 'सौम्य शब्दांत रागावणे'. क्लासवाले एवढ्यावर मोकळे झाले. परीक्षेत मात्र हे तिघे एकाच प्रश्नाचे पर्याय म्हणून मांडीला मांडी लावून बसतात.

माझी अख्खी नोकरी सरकारी आस्थापना शाखेत गेली, त्यामुळे रागावण्याच्या पायऱ्या तोंडपाठ. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधली किरकोळ शिक्षांची यादी 'ठपका ठेवणे' इथून सुरू होते. नुसत्या ताकिदीला त्यात जागाच नाही. भाचीचे तिन्ही शब्द त्या ठपक्याच्या अलीकडचे.

"साहेब जाता जाता म्हणाले, 'अहो, तारीख तरी बघत जा,' की झालं चाइड. समोर बसवून चूक दाखवली, नीट कर म्हणाले, की रिप्रूव्ह. 'पुन्हा असं झालं तर जड जाईल,' असं वर जोडलं की अ‍ॅडमॉनिश. त्यात इशारा असतो."

"आणि रिप्रिमांड?"

"त्याला खुर्ची लागते." 1961 साली मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांना आचार्य कृपलानींवरच्या मजकुरापायी लोकसभेपुढे उभं केलं होतं आणि अध्यक्षांनी रीतसर रिप्रिमांड दिली होती. एवढं सभागृह भरवून कोणी कुणाला चाइड करत नाही.

भाचीनं भराभर लिहून घेतलं. मीही जरा फुशारले, खोटं कशाला बोलू. मग तिनं पान उलटलं. "आणि रिप्रोच?"

नेमकी इथे माझी गाडी अडली. आस्थापना शाखेत हा प्रकारच नव्हता. मी चष्मा पुसत वेळ काढत होते, तेवढ्यात करपल्याचा वास आला. आईनं कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या होत्या आणि आम्ही दोघींनी एकही मोजली नव्हती.

ऐंशी ओलांडलेली आई गुडघ्यावर हात ठेवत उठली. आवाज चढला नाही. गॅस बंद केला, झाकण उघडून तळाला लागलेली डाळ पाहिली, नवी डाळ काढून निवडायला घेतली.

"आई, मी लावते ना," मी लगबगीनं उठले.

"राहू दे गं. तुला ऑफिसची कामं असतील."

मी निवृत्त आहे.