शंभरातले घरी किती पोचतात?

परदेशात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेल्या पैशाने गरिबी घटते, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ७१ विकसनशील देशांच्या आकडेवारीवरच्या २००५ च्या एका अभ्यासात दिसलं, की दरडोई अशी आवक १० टक्क्यांनी वाढली तर गरिबांचं प्रमाण सुमारे ३.५ टक्क्यांनी घटतं. नेपाळात १९९५-९६ ला ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २००३-०४ ला ३१. तेही देशात सशस्त्र संघर्ष पेटलेला असताना! त्यात बाहेरच्या कमाईचा वाटा मोठा होता. हा पैसा थेट घरात येतो, आणि घरावर संकट आलं की माणूस पोटाला चिमटा काढून जास्तच पाठवतो.

माझं म्हणणं वाटेतल्या गळतीबद्दल आहे.

समजा, दरमहा २०० डॉलर पाठवायचे. शुल्क ५ डॉलर, ते पावतीवर दिसतं. पण विनिमय दर बाजारापेक्षा ४ टक्क्यांनी कमी लावला, की आणखी ८ डॉलर गेले आणि ते पावतीवर कुठेच नाहीत. एकूण १३, म्हणजे साडेसहा टक्के. जगाची सरासरी याच्याच आसपास आहे. वर्षाचे १५६ डॉलर! २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. तेवढं झालं तरी वर्षाला ८४ डॉलर घरात राहतील. 'शुल्क शून्य' अशी पाटी असेल तर दर आधी बघा, कमाई तिथेच लपलेली असते. काउंटरवर एकच प्रश्न विचारायचा: सगळं कापून घरच्यांच्या हातात त्यांच्या चलनात नेमके किती पडणार? तो आकडा त्याच दिवशी दोन-तीन ठिकाणी ताडून पाहायचा. बँक सहसा सगळ्यात महाग पडते, मोबाइलवरून पाठवणं स्वस्त.

दुसरी गळती निघायच्या आधीच सुरू होते. दलाल, व्हिसा, तिकीट, तपासण्या. त्यासाठी १,५०० डॉलर महिना ३ टक्क्यांनी उचलले, तर ४५ डॉलर नुसत्या व्याजाचे. पाठवलेल्या २०० मधले शुल्क-दराचे १३ आणि हे ४५ गेल्यावर चुलीपाशी १४२ उरतात, मुद्दल अजून तसंच. ज्यांना एवढं कर्जही कुणी देत नाही, ती सर्वांत गरीब घरं या वाटेला लागतच नाहीत. भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९७ चा करार सांगतो. तो खर्च मालकाने उचलायला हवा, आणि पाठवणाऱ्या देशांनी ही अट घातल्याशिवाय माणसं सोडू नयेत.