माय त्या बाईशी बोलली होती

आज सकाळी भाच्याला अमेरिकेत फोन लावला. ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, एवढंच सांगायचं होतं. रिंग वाजून वाजून शेवटी रेकॉर्डेड बाई बोलली, मेलबॉक्स भरलाय. थोड्या वेळाने साहेबांचा मेसेज: 'मामा, व्हॉइसमेल कोण ऐकतं आता? टाइप करत जा ना.'

टाइप करत जा! डोकंच फिरलं.

2004 साली मीही तिकडेच होतो. माय अमळनेरच्या एसटीडी बूथवरून फोन करायची. एकदा मी उचलला नाही, तर इंग्रजी बाई सुरू झाली. मायला वाटलं, माझ्या घरात कुणीतरी आहे. समोर मीटरचे लाल आकडे पळताहेत आणि ही तिला अहिराणीत लेकासाठी निरोप सांगते, "वं बाई, मना आंडोरले सांगजो, माय याद करी राहिनी." मग गप्प. उत्तराची वाट बघत होती! मागे एसटीचा हॉर्न. मग हळूच, "आयकी राहिनी ना वं?"

किती वेळा ऐकला असेल तो निरोप. काही दिवसांनी आपोआप पुसला जायचा, म्हणून परत परत सेव्ह करायचो. मला वाटायचं, फोनमध्येच आहे. कसला! आपण उचललं नाही की नेटवर्क कॉल कंपनीच्या कॉम्प्युटरकडे वळवतं, आवाज तिथेच राहतो. परत येताना लाइन बंद केली, हँडसेट मात्र रुमालात गुंडाळून आणला. घरी येऊन 1 चं बटण दाबून धरलं. काही नाही.

आपल्याकडे हे प्रकरण रुजलंच नाही म्हणा. 2003 पासून इनकमिंग फुकट, मिस कॉल तर दोघांनाही फुकट. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'तू कर'. पुढे 2013 ला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आले. ते बरे आहेत, फोनमध्ये राहतात तरी. ताई चार-चार मिनिटं बोलते. भाचा ते दुप्पट स्पीडने ऐकतो. स्वतःच्या आईला!

असो. तिकडे रात्र होती, मान्य. आणि फालतू जाहिरातवाल्यांनीच त्याचा मेलबॉक्स भरला असणार, हेही मान्य.

संध्याकाळी ताईकडे गेलो. डोळ्यावर हिरवं फडकं, तरी चाचपडत माइक दाबून बोलणं सुरू. "जेवना का रे भाऊ?" लेकाला विचारलं आणि थांबली.

म्हटलं, "ताई, तो नंतर ऐकेल."

"माले माहीत शे," म्हणाली. अंगठा काढला नाही.