सवाईला लोक बसतात, मग गहुंज्याला का नाही?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच विषय निघाला. एकाने क्रिकेट स्टेडियमच्या रिकाम्या स्टँडचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, टेस्ट क्रिकेट संपलं, लोकांना वेळच नाही आता. दुसऱ्याने त्याला जोडून दिलं की टेस्टचंच काय घेऊन बसलात, पुण्यात कशालाच कोणी येत नाही, व्याख्यानाला जा, पहिल्या चार रांगांत सगळी पांढरी डोकी. मग अर्थातच मोर्चा माझ्याकडे वळला, "तुमचं बरंय बाबा मेलबर्नला, नव्वद नव्वद हजार येतात." मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकायची सोय राहिली नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी नव्वद हजारांचं सांगतो, कारण ते खोटं नाहीये. 2024 च्या भारत-ऑस्ट्रेलिया बॉक्सिंग डे टेस्टला (मेलबर्नला 26 डिसेंबरला सुरू होते ती) पहिल्या दिवशी 87,242 माणसं होती, त्यातला एक मी, एक माझा मुलगा. पाच दिवसांची बेरीज 3,73,691 झाली आणि 1937 सालचा ब्रॅडमनच्या काळातला रेकॉर्ड मोडला. पण मला आश्चर्य वाटलं ते पाचव्या दिवसाचं. सोमवार, तिकीट 10 डॉलर, आपण मॅच वाचवतोय की नाही एवढाच प्रश्न, आणि तरी 74 हजारांवर लोक. जयस्वाल 84 वर गेला, चहानंतर सात विकेट पडल्या, आपण हरलो, सगळं बघितलं. स्टेडियममधला निळा रंग बघून कोणालाही वाटलं असतं की हे वानखेडे आहे.

आता गंमत अशी की त्या निळ्या शर्टवाल्यांत निम्मे तरी माझ्यासारखे असणार, म्हणजे भारतात असताना आयुष्यात एक टेस्ट मॅच मैदानात जाऊन न बघितलेले. मी पुण्याचा, चांगली तिशी गाठेपर्यंत तिथेच होतो, आणि माझ्या नावावर मैदानातली एकच इंटरनॅशनल मॅच आहे. 29 फेब्रुवारी 1996, नेहरू स्टेडियम, वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. काका घेऊन गेले होते, स्कूटरवर मागे बसून, मांडीवर डबा. मी लाराला बघायला गेलो होतो आणि तो आठ रन करून त्या गोलमटोल विकेटकीपरच्या हातात कॅच देऊन परत. वेस्ट इंडिज 93 ऑलआऊट, केनिया जिंकलं! शाळेत कोणी विश्वास ठेवेना. आज तीस वर्षं होत आली, पण त्या दिवशीच्या डब्यात बटाट्याची भाजी होती हेसुद्धा आठवतंय.

स्टेडियम तेव्हा स्वारगेटला होतं, म्हणजे गावात. नंतर क्रिकेट गेलं गहुंज्याला, एक्सप्रेसवेच्या कडेला. गाडी असेल तर जा, नसेल तर कसं जायचं ते तुम्ही बघा. पहिली टेस्ट 2017 ला झाली, दुसरी 2019 ला, तिसरी ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडबरोबर. त्या तिसऱ्या टेस्टच्या पहिल्याच दिवशी लोकांना प्यायला पाणी मिळेना. बरेचसे स्टँड उघडे, ऑक्टोबर हीट, बाटली आत न्यायला बंदी आणि आतलं पाणी संपलेलं. लोकांनी घोषणा दिल्या आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनला जाहीर माफी मागावी लागली. ग्रुपवरच्या ज्या मित्राने "लोकांना वेळ नाही" लिहिलं ना, तोच त्या दिवशी तिथे होता, रजा काढून गेला होता. वेळ होता त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो गेला नाही, आणि गेला नाही म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नाही.

वेळ नाही हे कारण मला पटत नाही त्याचं दुसरं कारण सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव. डिसेंबरात पाच दिवस, दुपारपासून रात्री दहापर्यंत, थंडीत, भारतीय बैठकीत मांडी घालून, आणि माणसं हजारोंनी. टेस्ट मॅचसारखंच आहे की ते सगळं! पाच दिवस चालतं, मध्ये बराच वेळ काही "होत" नाही, विलंबित ख्याल म्हणजे काय पॉवरप्ले नव्हे, आणि जाणकार शेजारी बसून मान हलवतो ते बघून आपणही हलवायची. पण तिथे तुम्ही शाल नेऊ शकता, थर्मास नेऊ शकता, कंटाळा आला की मागे स्टॉलवर जाऊन गरम काहीतरी खाऊन गप्पा मारून परत येऊ शकता. पूर्वी रात्रभर चालायचं, लाऊडस्पीकरचे नियम आले आणि दहाला आवरायला लागलं, जागा बदलली, रमणबागेतून मुकुंदनगरला गेलं, तरी लोक गेले मागोमाग. कारण सवाईला जाणं हे नुसतं गाणं ऐकणं नाहीये, दरवर्षी त्याच कोपऱ्यात तीच माणसं भेटतात.

एमसीजीचंही (मेलबर्नचं क्रिकेट ग्राउंड) गुपित थोडंफार हेच आहे असं मला दहा-बारा वर्षांनंतर वाटायला लागलंय. इथे घरचं खाणं आत नेता येतं. काच नको, दारू नको, बाकी डबा न्या. मी थालीपीठं आणि लोणचं नेतो, सिक्युरिटीवाला बॅगेत वाकून बघतो आणि पुढे जा म्हणतो. रिकामी बाटली आतल्या नळावर भरायची. जॉलिमाँट स्टेशनला उतरलं की दहा मिनिटं चालायचं. यात कसलंही रॉकेट सायन्स नाही, पण या तीन गोष्टी असल्या की मुलाला घेऊन जाताना पोटात गोळा येत नाही. आणि टेस्ट बॉक्सिंग डेलाच असते, मग कोणी विचारत नाही कधी आहे म्हणून, दिवाळीची तारीख जेवढी माहीत तेवढी ही माहीत (दिवाळीची तरी दरवर्षी बघावी लागते). आपल्याकडे 2023 च्या वर्ल्डकपचं वेळापत्रक स्पर्धेच्या शंभर दिवस आधी आलं, ऑगस्टमध्ये त्यात बदल झाले, तिकिटं ऑगस्ट संपताना विकायला काढली, आणि मग 5 ऑक्टोबरला अहमदाबादच्या सव्वा लाखाच्या स्टेडियममध्ये पहिल्या मॅचला खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर सगळे म्हणणार, वनडे संपलं!

विराट कोहली 2019 मध्ये रांचीच्या टेस्टनंतर बोलला होता की पाच ठराविक टेस्ट सेंटर ठेवा. तेव्हा मला राग आला होता, म्हणजे पुण्याचा पत्ता कट ना. आज वाटतं मुद्दा बरोबर होता. दोन-पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या टेस्टची सवय लागणार कशी, आणि सवय नसेल तर तिकीट काढण्यापेक्षा माणूस आधी "पास मिळतो का रे कुठे" असाच फोन करणार. पासची आपली हौस फार जुनी आहे म्हणा. मुंबईत वानखेडे उभं राहिलं तेच मुळी मुंबई क्रिकेट असोसिएशनचं ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्या क्लबशी तिकिटांच्या वाट्यावरून वाजलं म्हणून, चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं स्टेडियम!

पण थांबा, इकडचं सगळं गोड आहे असं सांगायला बसलेलो नाही, तसं लिहिणाऱ्या एनआरआय लोकांचा मलाच कंटाळा येतो. बिग बॅश बघा, म्हणजे इथली टी-20 लीग. जानेवारी 2016 मध्ये इथल्या दोन टीमच्या डर्बीला 80,883 लोक आले, आणि आयोजकांना वाटलं अरे वा, लोकांना आवडतंय तर अजून वाढवू. वाढवत वाढवत 2018-19 ला सीझन 59 मॅचचा झाला. शाळेच्या सुट्ट्या संपल्या तरी हे चालूच. माझा मुलगा पूर्वी महिनाभर आधीपासून नाचायचा, तो टीव्हीकडे बघून "आज पण आहे का?" विचारायला लागला. स्टँड ओस पडले. शेवटी 2023-24 ला लीगच्या मॅच 40 वर आणल्या आणि लोक परत यायला लागले. (आयपीएल 74 मॅच करूनही भरतं, त्यामुळे हा नियम सगळीकडे चालतो असं म्हणत नाही.) आणि रणजी रिकामी म्हणून रडणाऱ्यांनी इथल्या शेफील्ड शील्डला एकदा यावं. मी सेंट किल्डाला जंक्शन ओव्हलवर गेलो होतो, प्रेक्षकांत पेपर वाचणारे आजोबा आणि मी. देशाची टेस्ट टीम ज्यातून घडते त्या स्पर्धेला! तेव्हा डोमेस्टिक क्रिकेटला लोक न येणं हा काही फक्त आपल्या संस्कृतीचा ऱ्हास वगैरे नाही.

रणजीत लोक येतात ते कोणासाठी तेही दिसलंच जानेवारी 2025 मध्ये. दिल्लीत कोहली खेळणार म्हणून फुकट एंट्रीला पहाटेपासून रांगा, हजारो माणसं, दुसऱ्या दिवशी तो सहा रनवर बोल्ड झाला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. त्याच महिन्यात मुंबईत बीकेसीला रोहित, रहाणे, जयस्वाल असलेल्या मुंबईला जम्मू-काश्मीरने हरवलं, किती मोठी गोष्ट, पण चर्चा रोहित किती रनवर गेला याचीच. याला मी हजेरी म्हणत नाही, ही दर्शनाची रांग आहे. दर्शन झालं की माणूस चप्पल शोधायला लागतो.

त्याच्या उलट नवी मुंबईतल्या डी. वाय. पाटील स्टेडियमची महिला वर्ल्डकप फायनल, 2 नोव्हेंबर 2025. पावसाने मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, मध्यरात्रीपर्यंत चालली, लोक उठले नाहीत. मी इकडे पहाटेपर्यंत जागा होतो. बायकांच्या मॅचला कोण जातं असं म्हणणारे आमच्या ग्रुपवर त्या दिवशी स्टेटसला तिरंगा लावून बसले होते. आणि हो, नेरूळला लोकल जाते, हा मुद्दा परत येतोच.

आता स्वतःच्या घरचं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला हॉलबाहेर रांग असते, पार्किंग मिळत नाही. महिन्याभराने इथल्याच हौशी कलाकारांनी सहा महिने तालमी करून बसवलेलं नाटक होतं, तीनशे खुर्च्या, मोजून साठ माणसं. वार्षिक सभेला तर कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, आणि मग अर्ध्या तासाने तीच नऊ माणसं परत बसून सभा पूर्ण. त्या नऊ जणांत मी नव्हतो. नाटकालाही नव्हतो, रविवार होता, पाऊस होता, सोफा होता. गणपतीला मात्र होतो, कारण मुलाचा डान्स होता आणि जेवणात मोदक होते. कमिटीतल्या एका वहिनींनी मला हे गणित सांगितलं, स्टेजवर चाळीस मुलं चढवली की एकशे साठ प्रेक्षक नक्की, आई-बाबा आणि इकडे आलेले आजी-आजोबा. पुढच्या वर्षी नाटकातही गर्दीचा सीन टाकणार आहेत म्हणाल्या, त्या हसत होत्या पण मला नाही वाटत गंमत करत होत्या.

त्यामुळे ग्रुपवरच्या मित्राला माझं उत्तर एवढंच की लोकांना नावं ठेवायच्या आधी आपण शेवटचं कुठे जाऊन बसलो होतो ते आठव, आणि पुण्याला पुढची टेस्ट मिळाली तर आधी पाण्याचं विचार, मग खेळपट्टीचं.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. येत्या डिसेंबरला बोलावलंय त्यांना इकडे, बॉक्सिंग डेची तिकिटं विक्रीला आली की काढणार आहे. परवा फोनवर सांगितलं तर कोण खेळतंय हे त्यांनी विचारलंच नाही. "सावली आहे का? बाथरूम किती लांब? डबा नेऊ देतात ना?" तिन्हीची उत्तरं दिली. "बरं, मग बटाट्याचीच भाजी करू," म्हणाले आणि फोन काकूकडे दिला.